आपलाच डॉक्टर वजनाचा विषय का काढत नाही?

उकडे तांदूळ

नमस्कार मंडळी. वाचते रोज, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं गाव फोंडा तालुक्यातलं. आमचे डॉक्टर म्हणजे वाड्यापलीकडचेच. बाबा त्यांच्याकडे जायचे, मग आई, आता मी. जत्रेला आम्ही एकाच पंगतीत बसतो. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनी बघितलेत, म्हणजे तेव्हा मी ५४ किलो होते हे त्यांना ठाऊक आहे. आज ४६व्या वर्षी ७८ आहे. उंची १५५ सेंटिमीटर. रक्तदाबाची गोळी सुरू होऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत त्यांनी मुलांचे मार्क विचारले, आमच्या पडवीच्या भांडणाचं काय झालं ते विचारलं, वजन एकदाही विचारलं नाही. मीच एकदा धीर करून म्हटलं, वजन वाढलंय ना हो बरंच? तर म्हणाले, "आगो, वय जालें काय आंग येताच. मागीर पळोवया." ते 'मागीर', म्हणजे 'नंतर', काही आलं नाही.

जूनमध्ये गुडघे इतके दुखायला लागले की जिना चढवेना. कुणीतरी सुचवलं म्हणून पणजीला एका डॉक्टरांकडे गेले. ते गोव्याबाहेरचे, हिंदी बोलणारे. खुर्चीत नीट टेकलेही नव्हते तोवर म्हणाले, "पहले पंद्रह किलो कम कीजिए, घुटने की बात बाद में." हातात छापील कागद. सकाळी ओट्स, दुपारी दोन चपात्या आणि पनीर, संध्याकाळी मखाने, रात्री मुगाचा चिल्ला. 'चावल' या शब्दावर लाल फुली. मासळीचं नावच नाही. आमच्याकडे दुपारी भात, रात्री भात, आजारी पडलं तर पेज. चपात्या होतात त्या मुलांच्या डब्यासाठी. कागद फ्रिजवर लावून सहा आठवडे झाले, वजन होतं तिथेच आहे. लोहचुंबक तेवढा चांगला आहे, मासळीच्या आकाराचा.

नंतर कुठेतरी वाचलं की अमेरिकेत यावर अभ्यास झालेत. डॉक्टर आणि रुग्ण एकाच वंशाचे, एकाच समाजातले असले तर वजनाबद्दल सल्ला जास्त मिळतो का, असा. मला आधी हसू आलं. आमचा तर सगळा गोतावळाच एक, आणि सल्ला शून्य.

तुमचा अनुभव काय? आपल्यातला डॉक्टर बरा की परका?

पोदेराची सायकल

आमच्या दोतोरांना काय सांगणार! शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात इसवण (सुरमई) घ्यायला ते माझ्या पुढे उभे असतात. मी वळून बघितलं की ते पिशवी मागे घेतात, त्यांनी बघितलं की मी. आमच्यात एक मूक करार आहे.

रात्रपाळी

मी सरकारी आरोग्य केंद्रात काम करतो, डॉक्टर आहे. थोडं सविस्तर लिहितो, रात्रीची वेळ आहे आणि सध्या रांग नाही.

उकडे तांदूळ ताई, तुम्ही म्हणता तो अभ्यास बहुधा सारा ब्लाइच आणि सहकाऱ्यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडच्या भेटींच्या नोंदी घेऊन त्यांनी तपासलं की लठ्ठ रुग्णाला आहार, व्यायाम, वजन याबद्दल सल्ला मिळाला की नाही, आणि डॉक्टर-रुग्ण दोघे कृष्णवर्णीय किंवा दोघे गोरे असल्याने त्यात फरक पडला का. जोडी जुळली की सल्ला वाढेल, असा त्यांचा अंदाज होता. तसं दिसलं नाही. कृष्णवर्णीय रुग्णांना गोऱ्या डॉक्टरांकडून व्यायामाचा सल्ला गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी मिळाला, हे एकवेळ समजू शकतो. पण कृष्णवर्णीय डॉक्टरांकडेसुद्धा वजन कमी करण्याचा सल्ला कृष्णवर्णीय रुग्णांना गोऱ्यांपेक्षा कमीच मिळाला होता. म्हणजे तुमच्या वाड्यापलीकडच्या डॉक्टरांना सातासमुद्रापार भाऊबंद आहेत.

आता ते असं का वागतात, हे आमच्या बाजूने सांगतो. नोकरीची पहिली चार वर्षं मी माझ्याच तालुक्यात होतो. एका काकूंना म्हटलं, वजन कमी करायला हवं. काकूंनी मान डोलावली. रविवारी माझ्या आईला देवळात गाठून म्हणाल्या, "तुमचा झील मोठा दोतोर झाला, आम्हांला जाडी म्हणतो." आईने आठवडाभर मला धारेवर धरलं. त्यानंतर ओळखीच्या माणसाला वजनाचं सांगताना जीभ जड होते ती आजतागायत. गोळी लिहिणं सोपं. गोळीने कुणाचा अपमान होत नाही.

दुसरं कारण जास्त अडचणीचं आहे. आमचंही पोट सुटलेलं असतं. त्याच २०१२ साली ब्लाइच आणि सहकाऱ्यांनीच अमेरिकेतल्या ५०० डॉक्टरांना विचारलं होतं. ज्यांचं स्वतःचं वजन बेतात, त्यातले ३० टक्के लठ्ठ रुग्णांशी वजनाबद्दल बोलत. वजनदार डॉक्टरांत हे प्रमाण १८ टक्के. आपण ज्या अंगाने रोज आरशासमोर उभे राहतो ते अंग आपल्याला आजार वाटत नाही. गावात सगळेच तसे असले की तेच 'खात्यापित्या घरचं' होऊन जातं.

आणि आकडे सांगायचे तर, भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती, त्या आकड्याची) रेघ खाली आहे. बाहेर २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात, आपल्याकडे २३ आणि २५. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी. कारण आपली चरबी पोटाभोवती बसते आणि कमी वजनावरच साखर वाढते. ताई, तुमचा बीएमआय साडेबत्तीसच्या आसपास येतो. हे अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४. त्यामुळे 'मागीर पळोवया' हे आपल्याला परवडणारं नाही, मलाही नाही.

काटेकोर

पुण्याहून लिहितोय. मला हा सगळा भावनिक गुंता वाटतो. कॅलरी आत किती, बाहेर किती, एवढाच हिशेब आहे. डॉक्टर फोंड्याचा असो की फरिदाबादचा, त्याने काय फरक पडतो? बाहेरच्या डॉक्टरांनी तीन मिनिटांत खरं सांगितलं. ताईंनी ते ऐकलं नाही. दोष कुणाचा?

उकडे तांदूळ

@काटेकोर, दोष माझाच म्हणा, मला त्याचं काही नाही. पण दोन चपात्यांची सवय लावायची तर पीठ मळण्यापासून सुरुवात. नवरा आणि सासूबाई भात जेवणार, मी चपाती. म्हणजे दोन स्वयंपाक. आणि मखाने मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले ते या कागदामुळे.

लाल माती

काटेकोर, हिशेबच करायचा तर नीट करू या. वाटीभर भात आणि दोन चपात्या यांच्या कॅलरीत फारसा फरक नाही. गव्हाची म्हणून चपाती हलकी होत नाही. त्या डॉक्टरांनी भातावर फुली मारली, कारण त्यांच्या डोळ्यासमोर भात म्हणजे जाडी. पण आमच्या ताटातला खरा मुद्दा त्यांनी विचारलाच नाही. खोबरं! शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी, ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे. आमटीत वाटण, भाजीवर खोबरं, सोलकढीत रस, तोंडी लावायला चटणी. आणि रव्यात घोळवून तळलेली तुकडी, तिचं तेल वेगळंच. चार माणसांच्या घरी रोज एक अख्खा नारळ फुटतो, माझ्या माहेरी दोन.

बाहेरच्याला हे विचारायचं सुचत नाही. घरच्याला सुचत नाही, कारण त्याच्याही घरी रोज नारळ फुटतो.

हळदीचं पान

दुसरी बाजू लिहिते. मला आपल्यातली डॉक्टर नको होती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन १४ किलो जास्त राहिलं. आमच्या ज्ञातीतल्याच एक डॉक्टरीणबाई, सासूबाईंच्या ओळखीच्या. पहिल्या भेटीत तपासायच्या आधीच म्हणाल्या, "लग्नात कशी शेलाटी होतीस, आता काय हे!" सासूबाई शेजारी बसलेल्या. मग दोघींनी मिळून मी काय खाते याची चर्चा केली, मी तिथे नसल्यासारखी. डिंकाचे लाडू सासूबाईंनीच करून घातलेले, हे त्या चर्चेत कुठे आलं नाही. पुढच्या लग्नसमारंभात तीन जणींनी मला विचारलं, "वजन उतरतंय ना गो?" कुणाकडून कळलं असेल ते सांगायला नको.

त्यानंतर मी मुद्दाम अशा डॉक्टरांकडे गेले ज्यांना आमच्या घराचं नावही माहीत नाही. भाषा अर्धी कळायची. पण तिथे मी फक्त रुग्ण होते, कुणाची सून नव्हते. झोप किती होते, बाळ रात्री किती वेळा उठतं, हे पहिल्यांदा त्यांनी विचारलं. सहा महिन्यांत ९ किलो उतरले.

तेव्हा आपला डॉक्टर बोलत नाही ही एक तक्रार, आणि बोलतो तो कसा बोलतो ही दुसरी.

पोदेराची सायकल

@हळदीचं पान, 'शेलाटी' हा शब्द ऐकला की मला पळून जावंसं वाटतं. पुरुषांना ही भानगड नसते. मला आमच्या दोतोरांनी (होय, तेच इसवणवाले) एकदाच सांगितलं, "पोट सुटलां रे, बियर उणी कर." मी म्हटलं, तुमी पयलीं. दोघे हसलो. वजनाचा विषय संपला, बियर चालू.

रात्रपाळी

सायकलराव, यावरही अभ्यास आहे, अमेरिकेतलाच, २०११ चा. दोघेही पुरुष असले तर लठ्ठ रुग्णाला आहार-व्यायामाचा सल्ला जास्त वेळा मिळत होता, दोघी बायका असलेल्या जोडीपेक्षा. म्हणजे बाईला बाई डॉक्टर मिळाली की बोलणं आपोआप सोपं होतं, असं काही नाही. हळदीचं पान यांचा अनुभव वाचून मला त्याचं नवल वाटत नाही. पुरुषाच्या पोटाचा विनोद होतो, बाईच्या वजनाचा पंचनामा. डॉक्टरिणींना हे माहीत असतं, त्या स्वतःही त्यातून गेलेल्या असतात. म्हणून काही जणी गप्प बसतात आणि काही जणी सासूच्या खुर्चीत जाऊन बसतात.

फेरीबोट

मला वाटतं धागा एकाच बाजूला कलतोय. आपलेपणा कामाला येतो याचाही पुरावा आहे. अमेरिकेत ओकलंडला मार्सेला अल्सान आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला होता, निबंध २०१९ चा. कृष्णवर्णीय पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुणाला कृष्णवर्णीय डॉक्टर दिला, कुणाला दुसरा. डॉक्टरशी बोलल्यानंतर साखर, कोलेस्टेरॉलसारख्या तपासण्या करून घ्यायला कृष्णवर्णीय डॉक्टरांचे रुग्ण जास्त तयार झाले. सुई टोचायची असेल तिथे फरक ठळक होता. संशोधकांच्या मते कारण डॉक्टर-रुग्णांतला संवाद.

तेव्हा आपला माणूस सांगेल तर ऐकलं जातं. तो सांगतच नाही, हा प्रश्न वेगळा. रात्रपाळींनी दिलेला अभ्यास डॉक्टरने सल्ला दिला का ते मोजतो, हा दुसरा रुग्णाने ऐकलं का ते मोजतो. दोन्हींची गल्लत नको.

अवांतर: गोव्यात १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. पोर्तुगीज काळातल्या त्या शाळेचंच पुढे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, झालं. एवढी पावणेदोनशेहून जास्त वर्षं आपले डॉक्टर आपल्यालाच तपासताहेत. कोंकणीत दुखणं ऐकायचं, चिठ्ठी एकेकाळी पोर्तुगीजमध्ये आणि आता इंग्रजीत लिहायची, घरी जाऊन मराठी पेपर वाचायचा. आहाराचा कागद मात्र अजून आपल्या भाषेत आणि आपल्या ताटाचा मिळत नाही.

मडगाव पॅसेंजर

'आपला' म्हणजे नक्की कोण, हे कुणी विचारलंच नाही. मी साष्टीतला. आमच्या शेजारी कॅथलिक कुटुंब, त्यांचे डॉक्टर आमच्यातले, हिंदू. भाषा कोंकणीच, गाव एक, पाव एकाच पोदेराचा. तरी त्या डॉक्टरांनी शेजारच्या अंकलना सगळ्यात आधी काय सोडायला सांगितलं? सोरपोतेल आणि चोरीस, दोन्ही डुकराच्या मांसाचे पदार्थ. अंकल म्हणाले, "दोतोर, तें आमी फेस्ताक खातात, दिसपट्टें न्हय." रोज काय खाता हे विचारलं असतं तर कळलं असतं की अंकल रोज सकाळी बेकरीतून चार पॅटिस आणतात. स्वतःच्या ताटातलं नसलेलं सोडायला सांगणं सगळ्यात सोपं. आमच्या घरी हेच डॉक्टर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्यांबद्दल, म्हणजे करंज्यांबद्दल, कधी ब्र काढत नाहीत, कारण दोन डबे त्यांच्याकडेच जातात.

लाल माती

@मडगाव पॅसेंजर, अगदी. माझी बहीण परिचारिका आहे. ती सांगते, बांधकामावरच्या कर्नाटकातल्या बायका येतात. दिवसभर डोक्यावर घमेलं. त्यांनाही तोच शिक्का मारलेला सल्ला, "चाला रोज अर्धा तास."

काटेकोर

बरं. चपाती-भाताचा मुद्दा मान्य, मी तपासलं. खोबऱ्याचाही. पण एक विचारतो, रागवू नका. रुग्णाने स्वतःहून का बोलू नये? ताई, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना एकदाच विचारलंत, अकरा वर्षांत. त्यांनी टाळलं तर दुसऱ्यांदा का नाही?

उकडे तांदूळ

@काटेकोर, हा प्रश्न टोचला. म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवस विचार केला.

खरं सांगू? 'मागीर पळोवया' ऐकून मला बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. त्यांनी विषय टाळला तो माझ्यासाठी आणि मीही टाळू दिला. परक्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा राग आला, पण त्या रागात वजन काही नवं कळलं नव्हतं. राग होता तो 'तुम्हाला आमचं काय माहीत' याचा. आणि ज्यांना सगळं माहीत आहे त्यांच्याकडून मी लपत होते. रक्तदाब दाखवायला जाताना मी मुद्दाम सैल पंजाबी ड्रेस घालते, हे आता लिहिताना लक्षात आलं.

हळदीचं पान

ताई, जवळ येऊन मिठी मारावीशी वाटली.

उकडे तांदूळ

अपडेट देते, लांबलं तर क्षमस्व.

काल गेले आमच्या डॉक्टरांकडे. तो छापील कागद घेऊन गेले, तेवढंच एक हत्यार. म्हटलं, हे बघा, पणजीला हे दिलंय, मला जमत नाही. आणि तुम्ही मला कधीच काही सांगितलं नाहीत. आवाज जरा चढला असावा, कारण बाहेरचा कंपाउंडर डोकावला.

ते कागद वाचत राहिले. मग विचारलं, "मखाने म्हणजे कितें गो?" मी सांगितलं, कमळासारख्या एका पाणवनस्पतीचं बी असतं. ते हसले नाहीत. चष्मा काढला. म्हणाले, तुझ्या वडिलांना साखर होती, त्यांना मी खूप बोलायचो जेवणावरून. शेवटच्या वर्षी ते माझ्याकडे यायचेच बंद झाले. लाजेने. मला वाटलं तूही बंद होशील.

हे मला माहीत नव्हतं. बाबा शेवटी दुसरीकडे जायचे, ते बसच्या सोयीसाठी, असं आम्ही समजत होतो.

मग काटा काढला. कोपऱ्यात होता, वर औषध कंपन्यांची कॅलेंडरं. कंपाउंडरने फडक्याने पुसला. ७९. कंबर मोजायला टेप मिळेना, शेवटी शेजारच्या शिंप्याकडून आणली. गावात आता सगळ्यांना कळलंच असणार, असो. ९८.

कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी स्वतः लिहून दिलं, मराठीत. दुपारी भात तीन डाव जेवतेस त्याचे दोन कर, रात्री दीड. (तीन डाव हे त्यांना न विचारता ठाऊक होतं. पंगत!) घरात नारळ रोज एक फुटतो तो दोन दिवसांना एक. वाटण पातळ चालेल, आंबट जास्त घाल, कोकम घाल. मासळी रोज खा, तळलेली आठवड्यातून एकदा, बाकी आमटीत किंवा तव्यावर नुसती भाजून. पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडा पाव बंद, कोंड्याची पोयी घे, एकच. सकाळचा चहा गोड, मग दुपारचा बिनसाखरेचा. जिना नको, गुडघ्यांना आधी बळ येऊ दे. देवळाच्या तळीभोवती सपाट आहे तिथे चाल. साखरेची आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. सासूबाईंशी मी बोलतो म्हणाले. मी म्हटलं, नको, ते माझं मी बघते.

निघताना विचारलं, तुमचं स्वतःचं वजन किती? काट्याकडे बघून म्हणाले, आधी टेप शिंप्याला देऊन ये.

पोदेराची सायकल

दोतोरांचा आकडा आल्याशिवाय हा धागा बंद करू नये अशी संपादकांना विनंती.

रात्रपाळी

वडिलांचं वाचून थांबलो थोडा वेळ. आम्हा लोकांच्या गप्पपणामागे असा एखादा रुग्ण बहुतेकदा असतो. मला त्या काकूंबद्दल लिहिता आलं, कारण त्या अजून येतात. जे यायचे बंद झाले त्यांच्याबद्दल मी इथे लिहिलेलं नाही.

काल त्या काकू आल्या होत्या, खोकल्यासाठी. कंबर मोजू का, असं विचारलं. म्हणाल्या, आईला सांगणार नसशील तर मोज.

काटेकोर

पोयी पुण्यात कुठे मिळेल? गंभीरपणे विचारतोय.

लाल माती

@काटेकोर, मिळाली तरी ती पोयी नसेल. या इकडे.

@उकडे तांदूळ, पुढचं वजन कधी?

उकडे तांदूळ

चवथीच्या आधी बोलावलंय. मी म्हटलं, चवथ होऊ दे, नंतर येते. म्हणाले, "न्हय, आदीं एक फावट, उपरांत एक फावट. नेवऱ्यांचें वजन म्हाकाय कळूंक जाय."